सिग्नल खात्यात नव्याने येताय? मनमाड-मुदखेड मार्गावरून चार गोष्टी

जालना, परभणी, नांदेडकडची डिप्लोमा झालेली पोरं रेल्वेचे फॉर्म भरतात तेव्हा डोळ्यांसमोर लोको पायलट नाहीतर स्टेशन मास्तर असतो. सिग्नल आणि टेलिकॉम, म्हणजे एस अँड टी खात्याबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी याच खात्यात आहे आणि आपल्याकडची जास्त पोरं इकडे यावीत असं मनापासून वाटतं.

भरतीचं थोडक्यात सांगतो. टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नलला मूळ पगार २९,२००, ज्युनिअर इंजिनिअरला ३५,४००. ग्रेड-१ ला फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे बीएस्सीवालेही चालतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेपर मराठीतून देता येतो. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नका. क्लास लावण्याआधी डोळे आणि रंगदृष्टी तपासून घ्या. पेपर निघून मेडिकलला अडकलेली पोरं पाहिली की जीव तुटतो. पुढे सिकंदराबादच्या इरिसेट या रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉम प्रशिक्षण संस्थेत ट्रेनिंगची संधी मिळते. १९५७ पासूनची ही संस्था, तिथली लॅब मन लावून वापरा.

आता खरं काम. सगळ्यात आधी ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखणारी जोडणी, पक्कं करा. रुळाच्या एका तुकड्याच्या एका टोकाला बॅटरीचा कमी दाबाचा करंट देतात, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच असतो. करंट पोचला की रिले उचललेला राहतो, म्हणजे रूळ मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि धुरा दोन्ही रुळांना जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले उपाशी राहून स्वतःच्या वजनाने पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली, बॅटरी बसली, तरी रिले पडणारच. बिघाड झाला तर तो लाल दिव्याच्या बाजूनेच व्हावा, यावर हे सगळं खातं उभं आहे.

आपल्या भागात याची परीक्षा मृगाच्या पहिल्या पावसात होते. खडीत काळ्या मातीचा चिखल भरला की दोन रुळांमधून करंट झिरपतो. रूळ मोकळा, गाडीचा पत्ता नाही आणि सिग्नल लाल. मास्तरांचा फोन, कंट्रोलचा फोन, गाडी बाहेर उभी. अशा वेळी डोकं शांत ठेवून आधी मास्तरांना मेमो, म्हणजे लेखी सूचना द्या, मग मीटर काढा. फीडच्या, म्हणजे बॅटरीच्या टोकाला व्होल्टेज किती, रिलेच्या टोकाला किती, हे मोजलं की निम्मा बिघाड तिथेच सापडतो. गाडी लवकर निघावी म्हणून रिलेला बाहेरून सप्लाय देऊन उचलायचं मात्र कधीच नाही, मग समोर कुणीही उभं असो. सिग्नल लाल असताना गाडी काढायची रीत वेगळी आहे, ती मास्तरांच्या हातात असते. आपण फसवा हिरवा दिला तर पुढे अडवायला कुणीच नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारच्या रेल्वे अपघातात २९० पेक्षा जास्त माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या फेरफारातले दोष पुढे आले. नव्या माणसाने तो अहवाल वाचावाच. रिले रूमला दोन कुलपं असतात, एक किल्ली मास्तरांकडे, एक आपल्याकडे. ती कशासाठी, हे त्यातून नीट कळतं.

पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा. त्याची तपासणी हाताने शिका. टंग रेल (सरकणारा रूळ) आणि स्टॉक रेल (जागचा रूळ) यांच्यामध्ये टोकाजवळ ५ मिलिमीटरचा तुकडा ठेवून पॉइंट फिरवायचा. पॉइंट लॉक होता कामा नये आणि सिग्नल लालच राहिला पाहिजे. तुकडा ठेवणाऱ्याने मोटरचा आवाज कानाने ऐकावा, नुसतं रजिस्टर भरू नये.

नव्या पोरांना मेमो म्हणजे कारकुनी वाटते. तसं नाही. डिस्कनेक्शन मेमोवर, म्हणजे यंत्रणा कामासाठी बंद ठेवण्याच्या चिठ्ठीवर, मास्तरांची वेळेसह सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. गेटमन गेट बंद केल्याची खूण म्हणून यादीतला प्रायव्हेट नंबर देतो, मास्तर तो परत म्हणून दाखवतात, लिहितात आणि वापरलेला नंबर खोडला जातो. ऐकलं, कळलं आणि लिहिलं, या तिन्हींची खात्री झाल्यावरच निरोप पोचला म्हणायचं. मी घरीही हेच पाळतो. शेतातल्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, रात्री-अपरात्री लाइट आली की मोटर आपोआप चालू होते. म्हणून मोटर उघडायच्या आधी फ्यूज काढून खिशात टाकतो आणि भावाला फोनवर तेच परत म्हणायला लावतो.

शेवटचं, कवच या गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेबद्दल. २०२० मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलेलं कवच देशात ज्या मार्गांवर सुरुवातीला बसलं, त्यात आपला मनमाड-मुदखेड आहे. रुळांमध्ये आरएफआयडी टॅग, स्टेशनवरून रेडिओने इंजिनात जाणारी सिग्नलची माहिती आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर आपोआप लागणारा ब्रेक. जुन्या मंडळींना हे नोकरीत आल्यावर शिकावं लागलं. तुम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असाल तर रेडिओ कम्युनिकेशनचा विषय ऑप्शनला टाकू नका. आणि रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात आपल्या स्टेशनचा सिग्नल प्लॅन मागून घ्या, तो हातात धरून एका टोकाच्या डिस्टंटपासून, म्हणजे स्टेशनच्या बाहेर आधीच इशारा देणाऱ्या सिग्नलपासून, दुसऱ्या टोकाच्या डिस्टंटपर्यंत जुन्या मेंटेनरसोबत पायी जाऊन या.