खाऱ्या हवेत सरड्याच्या पेटीला दिवे बसवताना

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यासाठी घरी पेटी करताना सगळं लक्ष सुतारकामाकडे जातं आणि दिवे शेवटी कसेबसे टांगले जातात. किनाऱ्यावर हे फार धोक्याचं. खाऱ्या दमट हवेत साधा लोखंडी स्क्रू बघता बघता गंजतो, ओल धरलेला प्लाय फुगतो, पकड सुटते आणि तापलेला दिवा थेट सरड्यावर येतो. म्हणून इथे लाकडात पिळलेल्या स्क्रूवर भरवसा ठेवायचा नाही. छताच्या आरपार एम 4 चे (4 मिमी जाडीचे) स्टेनलेस नट-बोल्ट घालायचे, वर-खाली रुंद वॉशर लावून. 304 ग्रेड चालतो, पण घर अगदी समुद्राला किंवा खाडीला लागून असेल तर 316 घ्या. नायलॉनवाले लॉकनट दिव्याजवळ नकोत, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. त्याऐवजी दोन नट एकमेकांवर आवळा.

पुढची मापं 4 × 2 × 2 फुटांच्या, 18 मिमी प्लायच्या पेटीची आहेत.

होल्डर चिनी मातीचाच हवा. बॅकेलाइटचा होल्डर आधी वास मारतो, मग तडकतो. होल्डर आणि प्लाय यांच्यामध्ये 6 मिमी सिमेंट शीट, आणि शीट व प्लाय यांच्यात वॉशर रचून बोटभर फट ठेवा. हवा खेळली की प्लाय करपत नाही. बाजूच्या भिंतीपासून बल्ब किमान 20 सेंमी दूर. साध्या वायरचं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच टिकतं, म्हणून होल्डरजवळच्या वितभर वायरवर मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी फायबरग्लासची स्लीव्ह चढवा. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल आट्यांना जोडायचा. उलटं झालं तर बल्ब बदलताना शॉक बसू शकतो.

बल्बभोवती स्टेनलेस जाळीचा पिंजरा लागतोच, कारण सरडा उबेकडे चढतो आणि भाजेपर्यंत हलत नाही. पिंजरा बल्बपासून 5 सेंमी लांब ठेवा आणि त्याला अर्थिंग द्या. सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

ऊन खायला जांभ्याचा चिरा उत्तम: खडबडीत, आणि हळूहळू तापणारा. तो थेट पेटीच्या तळावर ठेवा, वाळूवर ठेवला तर सरडा खालून उकरतो आणि चिरा कलंडतो. चिऱ्याचा पृष्ठभाग 38 ते 42 अंश, थंड कोपरा 25 ते 28. एप्रिल-मेमध्ये इथली खोलीच तिशीपार असते, तेव्हा 100 वॉटचा बल्ब लावलात तर सरड्याला पळायला जागाच उरत नाही. 50 वॉटपासून सुरुवात करा. हा उबेचा बल्ब हॅलोजन असेल तर त्याला डिमिंग थर्मोस्टॅट (तापमान पाहून दिवा मंद-प्रखर करणारा) लावा आणि त्याचा सेन्सर क्लिपने पक्का करा. सेन्सर थंड कोपऱ्यात घसरला की थर्मोस्टॅट दिवा वाढवतच राहतो.

यूव्हीबीची (सरड्याला लागणाऱ्या अतिनील किरणांची) टी 5 एचओ, म्हणजे बारीक पण जास्त प्रखर ट्यूब, 24 वॉट, खोक्यावर 12 टक्के यूव्हीबी लिहिलेली, रिफ्लेक्टरसह उबेच्याच बाजूला छताखाली आडवी बसवा. ट्यूबपासून सरड्याच्या पाठीपर्यंत 30 ते 38 सेंमी अंतर असावं. मध्ये काच आली तर यूव्हीबी जवळजवळ शून्य. बारीक जाळीही बराच भाग खाते. ट्यूब डोळ्यांच्या बाजूने कधीच नको, वरूनच. पाणी किंवा खोली निर्जंतुक करायच्या यूव्हीसी (जास्त घातक अतिनील किरणांच्या) ट्यूब दिसायला सारख्याच असतात, त्या डोळे जाळतात. खोक्यावरचं नाव वाचूनच घ्या. ट्यूब पेटत असली तरी वर्षाने बदला, प्रकाश टिकतो पण यूव्हीबी ओसरतं.

पावसात वीज जाते-येते. काट्यांचा टायमर तेवढा वेळ थांबतो आणि चार दिवसांत दिवे रात्री पेटायला लागतात, म्हणून बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घ्या.

सरडा सोडण्याआधी पेटी रिकामी ठेवून पूर्ण दिवसभर दिवे चालवा. छताच्या प्लायवर आतून-बाहेरून तळहात पाच सेकंद टेकवता आला नाही, तर फट वाढवा किंवा वॉट कमी करा. पुढे पावसाळ्यात दर महिन्याला प्लग काढून, होल्डर पूर्ण गार झाल्यावर बल्ब उतरवा: मधल्या पितळी पत्तीवर हिरवट थर किंवा काळं वर्तुळ दिसलं, तर घासत बसू नका, होल्डर बदला.