मूल कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी बंदुकीचं कसं विचारावं

आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो. इथे १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि कित्येक घरांत आजोबांची रायफल नातवापर्यंत आलेली असते. म्हणून लेक पहिल्यांदा कुणाकडे जाणार असला की मी विचारतेच. नव्याने आलेल्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, त्यांना राग येईल." त्यांच्यासाठी हे लिहितेय.

दारात, मुलांसमोर विचारू नका. आदल्या दिवशी मेसेज करा आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करा: "आमच्याकडे कुत्रा नाही, बंदूक नाही. याला शेंगदाणे चालत नाहीत. तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" शेंगदाण्यांच्या ओळीत बसलेला प्रश्न आरोपासारखा वाटत नाही.

समोरच्याच्या मनात काय चालतं, तेही समजून घ्या. बंदूक बाळगणं हा त्याला १७९१ पासून राज्यघटनेत असलेला हक्क वाटतो. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य केला. घरातली बंदूक सुटी करून किंवा कुलूप लावूनच ठेवावी, हा वॉशिंग्टन शहराचा नियमही त्याच निकालात रद्द झाला. त्यामुळे 'कुलूप' म्हटलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. रात्री कुणी घरात शिरलं तर किल्ली शोधत बसायचं का? शेरीफची, म्हणजे पोलिसांची, गाडी यायला वेळ लागतो अशा गावात हा प्रश्न खरा आहे. त्याला हसू नका.

माझं मत मात्र दुसऱ्या बाजूला आहे. ऑक्सफर्ड हे गाव आमच्याच ओकलंड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या शाळेत १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, तेही चारच दिवसांपूर्वी वडिलांनी घेतलेल्या पिस्तुलाने. २०२४ मध्ये आईवडील दोघेही सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. १३ फेब्रुवारी २०२४ पासून इथे कायदाच आहे: घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलूपबंद हवी. तरी काही काउंट्यांनी अशा कायद्यांविरुद्ध ठराव केलेत. एक आई म्हणून मला ते पटत नाही.

पण हा वाद त्या मेसेजमध्ये घालू नका. तुम्हाला फक्त कुलपाचं उत्तर हवंय. बोटाच्या ठशाने क्षणात उघडणारी छोटी तिजोरी मिळते, ती दोन्ही बाजूंना पटते. बंदुकीतून तार ओवून लावायचं साधं कुलूप, म्हणजे केबल लॉक, बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं.

"आमची मुलं हात लावत नाहीत" किंवा "कुठे ठेवलीय ते त्यांना माहीत नाही" हे उत्तर धरू नका. तेव्हा म्हणा, "मग मुलांना आमच्याकडेच पाठवा ना, मी थालीपीठ करते." वाद न करता तेवढ्यावर थांबा.

मूल सोळाचं झालं तरी विचारत राहा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि त्या वयातलं मन केव्हा खचेल ते आईलाही कळत नाही.

लेकाला सांगून ठेवा: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मला फोन करायचा. मित्राची तक्रार केली म्हणून कुणी रागावणार नाही, हेही सांगा.

आणि मराठी घरांतही विचारा. आपल्यातल्याही काहींनी बंदुका घेतल्यात, आणि गणपतीच्या आरतीला जमलेली पोरं वरच्या मजल्यावर एकटीच खेळत असतात.