साच्यातला रोमन दिवा, घरच्या घरी

नागपूरच्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, आम्ही साचे काढतो ते गणपतीसाठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले रोमन कुंभार हीच विद्या दिव्यांसाठी वापरत. चाकावरही दिवा होतो, ग्रीक कुंभार आधी तसेच करत. पण दिव्याच्या वरच्या झाकलेल्या भागावर चित्र उठवायचं तर साचाच हवा.

आधी भरीव नमुना घडवा, भोकं न पाडता. लांबी ११ सेंटीमीटर पुरे, कारण माती वाळून-भाजून साधारण दहावा हिस्सा आटते. वरच्या गोल तबकडीवर रोमनांनी देव काढले, आखाड्यात लढणारे ग्लॅडिएटर काढले, जनावरं काढली. मला विचाराल तर पहिल्या खेपेला ग्लॅडिएटरच्या नादी लागू नका. बसलेला पक्षी घ्या, पंख अंगाला चिकटलेले. उठाव दोन मिलिमीटर ठेवा आणि कडा खालून कोरू नका, नाहीतर डोकं साच्यातच राहतं. तेलाच्या भोकाची जागा आत्ताच सोडा, पक्ष्याच्या पायाजवळ. नंतर शोधत बसाल तर भोक त्याच्या पोटातून जाईल.

नमुना अर्ध्यापर्यंत मऊ मातीत रुतवा, दोन्ही भाग नेमके जुळावेत म्हणून कडेला खळगे करा, साबणाचं पाणी फासून प्लास्टर ओता. मग उलटवून दुसरा भाग. तयार दिव्यावरूनच साचा काढायची चलाखी रोमन काळातही चालायची, पण दर नकलेगणिक दिवा लहान होतो नि चित्र बोथट. तळाच्या साच्यात आपलं नाव उलटं कोरा. उत्तर इटलीतल्या ‘फोर्टिस’ या दिवे बनवणाऱ्याचं नाव असंच तळावर उठलेलं असे, आणि त्याच्याही नकला झाल्या.

कुंभाराकडची चाळलेली माती पाच मिलिमीटर जाड थापा आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबा. चित्रावर जोर जास्त. कडा खरवडून, पातळ चिखल लावून दोन्ही भाग जोडा. प्लास्टरने पाणी ओढलं की साचा आपसूक सुटतो. मग तेलाचं भोक आणि वातीचं तोंड पाडा, जोडाची रेघ ओल्या बोटाने पुसा.

वाळवा सावलीत. मे महिन्यात तर ओल्या गोणपाटाखालीच, आपल्या नागपूरचं ऊन नेमका जोड उलवतं. भट्टीत देण्याआधी मातीच्या पातळ घोळात बुडवा, तेल कमी पाझरतं.

रोमन लोक ऑलिव्हचं तेल जाळत, आपण तिळाचं घालू. जवसाचं नको, ते घट्ट होऊन वातीला धरतं. वात मात्र जवसाच्याच झाडाच्या धाग्याची, म्हणजे लिननची असे. आपल्याला कापूस चालतो. दिव्याखाली ताटली ठेवा, थोडं तेल तरीही झिरपतंच.