एल हलकी उतरली, आता ड्राय हॉप टाकायचे का?

आधी कायद्याचं: महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. ती बाजू निस्तरलेली आहे असं धरूनच पुढचं वाचा.

एलची (बिअरचा एक प्रकार) सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, ठरवली होती १.०५६ आणि ती मोजणारा हायड्रोमीटर दाखवतो १.०४४. ड्राय हॉप म्हणजे आंबून झालेल्या बिअरमध्ये वासासाठी न उकळता हॉप्स (एका वेलीची कडू, सुगंधी फुलं) टाकणं. हॉप्सचा पुडा फोडण्याआधी विदर्भात पहिला संशय घ्यायचा तो उन्हाचा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसवर बेतलेले असतात. वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, न आंबलेला गोड काढा) ३५ अंशांवर असेल तर वाचन ०.००४ ने कमी येतं, ४० वर जवळपास ०.००६ ने. एप्रिल-मेत ‘थंड झालेला’ वर्टही खोलीइतका, म्हणजे पस्तिशीचाच असतो. नमुन्याची नळी बर्फाच्या पाण्यात बुडवून २० पर्यंत उतरवा, मग वाचा. वरून पाणी घातलं असेल तर नीट ढवळूनच नमुना घ्या; जड वर्ट तळाशी बसतो आणि वरचा थर फसवतो.

वाचन खरंच कमी निघालं तर लिटर मोजा. १६ लिटर ठरवून २० लिटर भरले असतील तर माल्टची साखर पुरेपूर आली आहे (१६×५६ आणि २०×४४ यांत फार फरक नाही; ५६ आणि ४४ हे ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन अंक), फक्त पाणी जास्त झालंय. अशा वेळी कडूपणाही त्याच प्रमाणात पातळ होतो, त्यामुळे तोल बिघडत नाही. पण लिटर बरोबर आणि साखरच कमी, म्हणजे दळण जाड राहिलं किंवा मॅशचं (दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवण्याचं) तापमान चुकलं, तर कडूपणा पूर्ण आणि अंग (तोंडात जाणवणारा दाटपणा) अर्धवट अशी गत होते. ३५ आयबीयूला (कडूपणाचं एकक) ५६ ने भागलं तर ०.६३ येतं, ४४ ने भागलं तर ०.८०; आकडा मोठा तितकी चव कडू. ही एल आधीच कडवट आहे.

ड्राय हॉपनं दारू फारशी वाढत नाही, अंगही येत नाही. वास येतो, जास्त टाकले तर सोबत तुरटपणा आणि हिरव्या पाल्याची चव. जाड एलमध्ये ते खपून जातं, हलकीत उघडं पडतं. म्हणून निर्णय अंतिम (आंबणं थांबल्यावरच्या) ग्रॅव्हिटीवर घ्या. १.०१२ च्या आसपास थांबली आणि चव गोलसर आहे: टाका, पण लिटरला ४ ग्रॅमऐवजी २, म्हणजे २० लिटरला ४० ग्रॅम. १.००८ किंवा खाली गेली आणि घोट पाणचट-कडू लागतो: टाकू नका. साधारण ४.७ टक्क्यांची ही बिअर इंग्रजी बिटर म्हणून चांगली पिता येते. जोर यावा म्हणून गूळ किंवा साखर ओतण्याचा मोह मात्र आवरा. त्यानं दारू वाढते आणि एल आणखी पातळ लागते.

मन ठरत नसेल तर अर्धा लिटर एल स्वच्छ बाटलीत काढा, सोनाराच्या छोट्या काट्यावर १ ग्रॅम पेलेट (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) मोजून टाका, झाकण सैल ठेवा. दोन दिवसांनी साध्या एलशेजारी ठेवून चाखा.

हॉप्सही तपासा. उन्हाळ्यात पार्सल तापतं. पेलेट तपकिरी पडले असतील किंवा जुन्या चीजसारखा वास येत असेल तर ते फेकाच. हलक्या एलला ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल हे इंग्रजी हॉप्स शोभतात.

टाकायची वेळ: दोन-तीन दिवसांच्या अंतरानं ग्रॅव्हिटी सारखीच आली की. मलमलची पिशवी आणि वजनासाठी स्टीलचे नट उकळून घ्या. पेलेट फुगतात, पिशवी अर्धीच भरा. झाकण पटकन उघडा-लावा आणि ढवळू नका, हवा मिसळली की वास मरतो. फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) पाण्याच्या टबात, भोवती ओलं गोणपाट, समोर पंखा. लाईन गेली तरी गोणपाट ओलं ठेवा. २० अंशांवर तीन दिवस, २८ च्या वर गेलं तर ४८ तासांत पिशवी बाहेर.

लगेच बाटल्या भरू नका. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न पचणाऱ्या घटकाची) साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. घाईनं भरलेल्या बाटल्या उन्हाळ्यात फुटतात. पिशवी काढल्यावर ग्रॅव्हिटी पुन्हा मोजा; उतरत असेल, किंवा लोण्यासारखा वास येत असेल, तर आणखी तीन-चार दिवस थांबा. आकडा स्थिर झाला की लिटरला ५ ते ६ ग्रॅम साखर घालून भरा.