बूस्ट आला की पेट्रोल कमी पडायचं: माझा अनुभव
टर्बो बसवलेली गाडी; टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा जादा दाब म्हणजे बूस्ट. पुणे हायवेवर चौथ्या गिअरला 4500 आरपीएमच्या पुढे आचके. प्लग, फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले. सोलापूरच्या उन्हात दीड महिना डोकं तापलं, फरक शून्य.

शेवटी फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब मोजणारा गेज जोडला. आयडलला रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब राखणारा भाग) व्हॅक्यूम नळी काढून 3 बार, म्हणजे बरोबर. बूस्ट जितका, तितकाच पेट्रोलचा दाब वाढायला हवा; म्हणजे 0.8 बार बूस्टला 3.8 हवं, काटा 3.1 वर. पंप बदलणारच होतो, पण आधी लोडवर पंपाच्या पिनांवर व्होल्ट मोजले: 10.9. बॅटरीवर 13.8! म्हणजे वाटेतच व्होल्ट पडत होते, पंपाला पुरेसा जोर मिळत नव्हता. अर्थच्या लगवर (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) हिरवा थर.

लग घासला. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून 4 चौ. मिमी वायर रिलेतून (थोड्या करंटवर चालणारा स्विच) पंपाला. जुनी वायर फक्त रिले चालू करायला. आता पंपावर 13.4 व्होल्ट, बूस्टला 3.8 बार.

गेज काचेबाहेर चिकटवा; पेट्रोलची नळी केबिनमध्ये नको.