कुंडीतली चिलटं जात नाहीत? या चुका टाळा

मनी प्लांटला पाणी घालायला गेलं की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात, आणि पहिली चूक तिथेच होते: आपण फवारा घेऊन उडणाऱ्यांच्या मागे लागतो. उडणारं चिलट जेमतेम आठवडाभर जगतं, पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभरावर अंडी घालून मोकळी होते. खरं दुखणं वरच्या दोन-तीन इंचांतल्या अळ्यांचं. त्या बुरशी आणि कुजका पाला खातात, संख्या वाढली की कोवळी मुळंही. पिवळे चिकट सापळे जरूर लावा, पण त्यावरून फक्त चिलटं वाढताहेत की घटताहेत ते कळतं.

केळ्यांवर घोंघावणारी चिलटं वेगळी, म्हणून आधी खात्री करा. सोललेल्या बटाट्याची अर्धा इंच जाड चकती मातीत हलकी दाबून ठेवा. दोन दिवसांनी उलटून बघा. पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक दोऱ्यासारखी अळी आणि तिचं चकचकीत काळं डोकं दिसलं, की शंका मिटली. चकती कुंडीत विसरू नका, नाहीतर तीच सडून अळ्यांना पोसेल.

सगळ्यात महागात पडतं ते पाणी. ‘रोज सकाळी एक तांब्या’ हा मे महिन्यातल्या गॅलरीचा हिशेब. जुलैत दिवाणखान्यातल्या कुंडीची माती आठवडाभरही वाळत नाही. त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फसवं, वरून भुरकट कोरडं आणि आत चिंब. बोट दोन पेरं आत घाला, तिथे ओल लागली तर पाणी नको. पीस लिली आणि फर्नला इतकी कोरड सोसत नाही. त्यांना बशीतून पाणी पाजा आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका.

चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण, अर्धवट कुजलेलं खत हे सगळं घरातल्या कुंडीत बंद. निंबोळी पेंडसुद्धा वर पसरून ओली राहिली की तिच्यावर पांढरी बुरशी धरते, म्हणजे अळ्यांना आयतं ताट.

औषधात आमची पसंती बीटीआय या जिवाणूच्या पावडरीला. डासांच्या अळ्यांसाठी मिळते तीच. प्रमाण पाकिटावर बघा. फवारायची नाही, पाण्यात कालवून मातीत मुरवायची. अळीने खाल्ली तरच ती मरते. अंडी आणि कोष सुटतात. पहिल्या आठवड्यात चिलटं कमी दिसली की लोक थांबतात आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला एकदा, असं चार वेळा. पावडर मिळाली नाही तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि पाणी चार भाग. माती कोरडी असतानाच घाला.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप मात्र तीन आठवडे वेगळ्या खोलीत, कुंडीत एक पिवळी पट्टी खोचून.