घरी केलेले मडफ्लॅप : या चुका टाळा

मढे घाटाच्या बाजूला एका ओढ्यातून गाडी मागे घेताना खालून ‘टक्’ असा आवाज आला. वाटलं, बंपरला दगड लागला. उतरून पाहतो तर माझ्या जुन्या जिप्सीच्या मागच्या डाव्या चाकाने स्वतःचाच मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल अडवायला लावतात तो रबराचा पडदा, चावून धरलेला. खाली दगड, वर टायर आणि मध्ये माझं आठ मिलिमीटरचं रबर. रबराला ओरखडासुद्धा नव्हता. ते ज्या पत्र्याला आवळलं होतं, तो पत्रा मात्र बोटभर खाली ओढला गेला होता.

फ्लॅप मीच केला होता आणि ‘एकदम दणकट झालाय’ म्हणून चार जणांना दाखवलाही होता. तिथेच माझं चुकलं. ऑफरोड गाडीवर फ्लॅप हा सगळ्यात लेचापेचा भाग असायला हवा. पुढे जाताना दगड त्याला मागे ढकलतो, त्यात काही बिघडत नाही. गाडी रिव्हर्स घेतली की फ्लॅपचं खालचं टोक दगडावर किंवा बांधावर टेकतं, चाकाखाली वळतं आणि चाक त्याला आत ओढतं. दीड टनाच्या आसपासची गाडी ओढत असेल तर काहीतरी तुटणारच. काय तुटावं एवढंच आपल्या हातात असतं.

आता मी रबर एका फ्लॅट पट्टीत पकडतो आणि ती पट्टी पत्र्याला ६ मिलिमीटरच्या नायलॉन बोल्टने लावतो. ताण आला की बोल्ट तुटतो, पत्रा वाचतो. चार जादा बोल्ट डॅशबोर्डच्या खणात पडलेले असतात. शिवाय फ्लॅपच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक आहे. कच्चा रस्ता संपून खरी चढण लागली की त्यातून दोरी ओवून फ्लॅप वर बांधून टाकायचा. उतरून चार दोऱ्या बांधायचा कंटाळा येतो, कबूल. पण पत्रा ठोकून घेण्यापेक्षा ते बरं.

रबर कुठलं घ्यायचं, यात बहुतेकांचा हात जाडीकडे जातो. खडीक्रशरचा किंवा साखर कारखान्याचा माल वाहणारा जुना रबरी पट्टा भंगारात मिळतो आणि तो आयुष्यभर टिकतो, हे खरं आहे. पण २५ बाय ३५ सेंटिमीटरचा तुकडा ८ मिलिमीटर जाडीचा असला तर एकच फ्लॅप पाऊण किलोच्या वर जातो. एवढं वजन खड्ड्याखड्ड्याला पत्र्यावर हिसके देतं आणि भोकाभोवती चिरा पडतात. ५ मिलिमीटर पुरे. उलट टोक म्हणजे ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर. ते इतकं मऊ असतं की हायवेवर वाऱ्याने मागे उडतं, चिखल अडवतच नाही. जुन्या रेडियल टायरचा तुकडा तर घेऊच नका. त्यातल्या स्टीलच्या तारा कापलेल्या कडेतून बाहेर येतात आणि पुढे त्याच तारांशेजारी आपला टायर फिरत असतो.

मापात होणारी चूक एकच, पण ती जवळजवळ सगळे करतात. गाडी सपाट अंगणात उभी, चाकं सरळ, गाडी रिकामी आणि पुठ्ठ्याचा साचा धरून खूण केली जाते. पहिल्याच वळणावर पुढचं चाक फ्लॅपला घासतं. पुठ्ठा लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. मग एक चाक दगडावर चढवून सस्पेन्शन दाबलेल्या अवस्थेत पुन्हा बघा. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडी बसते, तेव्हा फ्लॅपही तेवढाच खाली येतो. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाची उंची, २१० मिलिमीटर आहे. मी भरलेल्या गाडीत फ्लॅपची कड जमिनीपासून साधारण २२ सेंटिमीटरवर ठेवतो. रुंदी टायरपेक्षा दोन्हीकडे बोटभर जास्त.

टायर आणि फ्लॅप यांच्यात किती जागा सोडायची, हे मातीवर ठरतं. कोकणातला तांबडा चिखल पातळ असतो, उडतो आणि गळूनही जातो. तिथे तीन बोटं अंतर चालतं. देशावरच्या काळ्या मातीत तेवढ्याने भागत नाही. वापसा यायच्या, म्हणजे पावसानंतर माती पुरेशी सुकायच्या, आधी शेतरस्त्याने गेलात तर ती चाकाला थरावर थर चढते आणि फ्लॅपपाशी अडकून दगडासारखी बसते. मोटारसायकलवाले पुढच्या मडगार्डमधली माती काडीने कोरत उभे असलेले पावसाळ्यात दिसतात ना, तसंच. काळ्या मातीच्या भागात राहत असाल तर वीतभर नाही, पण चांगली मूठभर जागा हवी.

रबराला साध्या ड्रिलने भोक पाडलं तर बिट रबर ओढतं, भोक वेडंवाकडं होतं आणि त्याच्या कडेपासून फाटायला सुरुवात होते. चप्पल दुरुस्तीवाल्याकडे पोकळ पंच असतो, खाली लाकूड ठेवून हातोडीच्या एका घावात काम होतं. कापताना पात्याला साबणाचं पाणी लावा, ऑइल नको. ऑइलने रबर फुगतं. नुसता बोल्ट कधीच लावू नये, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर किंवा पट्टी हवी. पट्टी आणि रबर जोडणारे बोल्ट स्टीलचे, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, हिसक्यांनी सैल न होणारा), आणि रबर कडेने फुगायला लागलं की आवळणं थांबवायचं. बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला, नट पलीकडे. उलटं बसवलं तर बाहेर आलेले आटे टायरची साइडवॉल कापू शकतात. आणि हो, पट्ट्याची एक बाजू चांगली, एक झिजलेली असेल तर डावा फ्लॅप कापल्यावर साचा उलटा करा. मी दोन्ही डाव्या पायाचे जोडे करून बसलो होतो.

पत्र्याला नवं भोक पाडण्याआधी मागच्या बाजूला ब्रेकची नळी, वायर किंवा पेट्रोलचा पाइप नाही ना, हात घालून तपासा. शक्यतो असलेलीच भोकं वापरा, चॅसीला तर ड्रिल लावूच नका. नवं भोक पडलंच तर कानशीने कडेची धार घालवून प्रायमर आणि रंग, आणि तो वाळल्यावरच बोल्ट. सायलेन्सरच्या बाजूचा फ्लॅप पाइपपासून लांब आहे ना, हेही बघा. रबर जळल्याचा वास आला की सगळे क्लचप्लेटला दोष देतात.

साठच्या पुढे फडफड ऐकू आली तर वरची पट्टी रबराच्या पूर्ण रुंदीची नाही असं समजा. दारांच्या खाली अजून चिखल येत असेल तर पुढचे फ्लॅप अरुंद आहेत, विशेषतः रुंद टायर टाकले असतील तर. मागची काच घाण होते म्हणून मात्र फ्लॅप लांबवत बसू नका. अशा चौकोनी गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि बारीक फवारा काचेकडे खेचला जातो, कितीही लांब रबर लावलं तरी. त्यासाठी पाण्याची बाटली आणि जुना बनियन गाडीत ठेवायचा.